विमानाच्या एंजिनाचा कंप आणि दुरुस्ती करणारा हात

आमचे तेर हे गोरोबाकाकांचे गाव म्हणून साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. संतमंडळी येथे जमली असता गोरोबाकाकांनी हाती थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर ठोका दिला आणि कोणते मडके पक्के, कोणते कच्चे, याचा निवाडा केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. तिचा पारमार्थिक अर्थ सांगणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. मला आज तिच्यातील केवळ कुंभाराची युक्ती हवी आहे. मडके डोळ्यांना अखंड दिसते, पण बोटाने टिचकी मारताच ते आपल्या अंगची चीर लपवू शकत नाही. जे डोळ्यांस दिसत नाही ते नादाने आणि कंपाने कळते, हे ज्ञान या तेरणाकाठी शेकडो वर्षांपूर्वीही होते. ते पुढे आकाशात गेले तेव्हा त्याचे काय झाले, हे सांगण्याचा आज माझा विचार आहे.

विमानाचा इतिहास म्हटला की उडणाऱ्यांची नावे पुढे येतात. परंतु विमान उडण्यापूर्वी कोणी तरी त्याचे एंजिन उघडलेले असते, पुसलेले असते, झिजलेला भाग काढून नवा बसविलेला असतो आणि शेवटचा नट आवळून हात पुसलेले असतात. आणि पुष्कळदा असे घडते की, काल बिनबोभाट चालणारे एंजिन या दुरुस्तीनंतर आज थरथरू लागते. हा थरकाप म्हणजे यंत्राने त्या हाताविषयी दिलेला जबाब असतो. तो जबाब कोणी ऐकला, कोणी ऐकला नाही आणि ऐकणारा व दुरुस्त करणारा यांच्यामध्ये किती अंतर पडत गेले, यातच या विषयाचा इतिहास साठलेला आहे.

प्रथम कंप का होतो ते पाहू. बैलगाडीच्या चाकास नवी धाव चढविली आणि ती जरा वाकडी बसली, तर चाक झोल खाते. गाडीवान चार शिव्या देतो, पण गाडी बाजारास पोहोचते, कारण चाक एका मिनिटात फार तर दहापंधरा फेरे घेते. विमानाच्या पंख्याची गोष्ट वेगळी. पंख्याचे एक पाते दुसऱ्याहून टोकाशी केवळ एक तोळा जड आहे, टोक मध्यापासून एक मीटरवर आहे आणि पंखा मिनिटास २००० फेरे घेत आहे, असे धरा. गणित केले तर तो एक तोळा पंख्याचा दांडा ५० किलोहून अधिक जोराने बाहेर ओढतो असे निघते, आणि ही ओढ एका मिनिटात २००० वेळा दिशा बदलते. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट होते. शाळेत हे गणित मी मुलांना घालीत असे तेव्हा उत्तर चुकले असावे म्हणून ती पुन्हा पुन्हा पाटी पुसत. उत्तर चुकलेले नसे.

आता दुरुस्तीने हा तोळ्याचा फरक कसा उत्पन्न होतो? पंख्याच्या पात्यावर खड्याने खोक पडली म्हणून कारागिराने ती कानशीने घासून साफ केली, पण समोरच्या पात्याकडे पाहिले नाही. पंखा काढून पुन्हा बसविला, पण पूर्वीच्याच भोकांत न बसविता फिरवून बसविला. पंखा आणि एंजिनाचा दांडा, दोहोंतही थोडथोडी विषमता असतेच. पूर्वीच्या जागी त्या एकमेकींस मारक होत्या, नव्या जागी एकमेकींस पूरक झाल्या. म्हणून जाणता कारागीर पंखा उतरविण्यापूर्वी त्यावर व दांड्यावर रंगाची खूण करतो. चार पिस्टनांपैकी एकच नवा घातला आणि तो बाकीच्या तिघांच्या वजनाचा नसला, तरी तेच. एंजिन ज्या रबरी बैठकींवर टेकलेले असते त्यांचे बोल्ट कमीअधिक आवळले गेले, तरी तेच. जुन्या लाकडी पंख्यांचा तर न्यारा थाट असे. विमान उभे करून ठेवताना एक पाते वर व एक खाली राहिले, तर पावसाळी हवेतील ओल खालच्या पात्यात उतरून ते जड होई. यास्तव पंखा नेहमी आडवा करून ठेवण्याचा दंडक होता. साधी गोष्ट, पण ती पाळणारा माणूस हवा.

या विषयातील पहिला मोठा प्रसंग पहिल्या विमानाचाच आहे. ऑर्व्हिल व विल्बर हे राइट बंधू डेटन गावचे सायकलवाले. त्यांच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत त्यांचे १२ अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे एंजिन घडविले. या एकाच एंजिनाने साखळ्यांच्या द्वारे दोन पंखे फिरवावयाचे होते. १९०३ च्या नोव्हेंबरात किटी हॉकच्या वाळूत विमान जुळवून त्यांनी एंजिन चालू केले, तो ते सरळ चालेना. ठोके चुकू लागले आणि प्रत्येक चुकलेल्या ठोक्याचा हिसका साखळीतून पंख्याच्या दांड्यास बसू लागला. दांडे बिघडले. ते दुरुस्तीसाठी डेटनला टेलरकडे धाडावे लागले. २० नोव्हेंबरास दांडे परत आले, बसविले, एंजिन चालविले, आणि दांड्यांवरची दातेरी चाके पुन्हा सैल झाली. दुरुस्ती होऊन आलेली वस्तू, नटही कसून आवळलेले, तरी हिसक्यापुढे ती टिकेना. तेव्हा सायकलचे टायर रिमवर चिकटविण्याचा जो घट्ट सरस त्यांच्या दुकानात असे, तो त्यांनी आटे व चाके यांत वितळवून ओतला. चाके बसली. जगातील पहिल्या विमानास सायकलच्या सरसाने तारले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पण माझ्या मते खरी शहाणपणाची गोष्ट यापुढची आहे. २८ नोव्हेंबरास एंजिन तपासताना एका पोकळ दांड्यास चीर गेलेली आढळली. हिवाळा अंगावर आलेला होता. सॅम्युअल लँग्ली हा प्रतिस्पर्धी सरकारी पैशाने आपले विमान उडविण्याच्या तयारीत होता. कोणीही अधीर मनुष्य ‘एकदा उडून तर पाहू’ असे म्हणाला असता. ऑर्व्हिल स्वतः आगगाडीत बसून डेटनला गेला, पोकळ नळीऐवजी भरीव पोलादाचे दांडे करवून घेतले आणि ११ डिसेंबरास परत आला. १७ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान १२ सेकंद व १२० फूट उडाले, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्या बारा सेकंदांच्या आधी दोन वेळा दांडे बदलले होते, हे पाठ्यपुस्तकात नसते. येथे लक्षात घेण्यासारखे हे की, एंजिन चालविणारे, त्याचा थरकाप अंगावर घेणारे, चीर शोधणारे आणि त्यावर बसून उडणारे हे सारे तीन माणसांत आटोपलेले होते. त्यांतला तिसरा चार्ली टेलर १९५५ साली लॉस एंजेलिस येथील एका रुग्णालयाच्या धर्मादाय विभागात पडून असलेला लोकांस आढळला, आणि १९५६ साली वारला.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्याच जिल्ह्यातून जाते. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली सुरू झाली आणि पुढे ती लातूरपर्यंत पोहोचली. आता ती वाट रुंद रुळांची झाली आहे. ती गाडी बांधणारा एव्हरर्ड कॅलथ्रॉप हा रोल्स-रॉइस कंपनीतील चार्ल्स रोल्स याचा मित्र होता. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे रोल्सच्या विमानाचे शेपूट हवेत मोडले आणि तो पडून मेला. ते शेपूट नुकतेच नव्याने बसविलेले होते. मित्राच्या या मरणाचा कॅलथ्रॉपने इतका ध्यास घेतला की रेल्वेचा हा इंजिनिअर हवाई छत्रीच्या मागे लागला, आणि त्याची ‘गार्डियन एंजल’ ही छत्री पहिल्या महायुद्धात हेरांस शत्रूच्या मुलखात उतरविण्याच्या कामी आली. आपल्या ब्रिटिश वैमानिकांस मात्र सरकारने ती दिली नाही. बार्शीच्या गाडीचा आणि आकाशातील अपघाताचा असा संबंध आहे. असो.

हिंदुस्थानात या विद्येची गोष्ट १९३० साली एका गमतीच्या प्रसंगाने रंगते. इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या दरम्यान एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जे. आर. डी. टाटा हे मे महिन्यात कराचीहून इंग्लंडकडे निघाले आणि अवघ्या सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर हा तिकडून इकडे येत होता. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ. इजिप्तमध्ये अबुकीर येथे उतरतात तो टाटांस अस्पी तेथे खोळंबलेला आढळला, कारण त्याच्यापाशी बदली प्लग नव्हते. आता प्लग म्हणजे काय क्षुल्लक वस्तू! पण चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटास २००० फेऱ्यांवर असता त्यात ४००० स्फोट होत असतात. एक सिलिंडर गप्प बसला की ३००० होतात, प्रत्येक चौथ्या ठोक्यास खड्डा पडतो आणि त्या खड्ड्याचा हिसका सगळ्या सांगाड्यास बसू लागतो. अशा विमानाने वाळवंट ओलांडणे म्हणजे जाणूनबुजून संकटात उडी घेणे होय. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यास काढून दिले. अस्पीने त्यांना आपला पाण्यात तरण्याचा सदरा दिला. पुढे अस्पी कराचीस थोडक्या तासांनी आधी पोहोचला आणि बक्षीस त्याने जिंकले. हाच अस्पी इंजिनिअर १९६० साली आपल्या हवाई दलाचा प्रमुख झाला. प्रतिस्पर्ध्यास प्लग देणारा माणूस थोर होता हे खरेच. पण त्याहून मला हे महत्त्वाचे वाटते की, प्लगची किंमत दोघांसही सारखीच कळत होती, कारण आपापल्या एंजिनाचे ठोके दोघेही आपल्या पाठीच्या कण्याने मोजीत होते.

दोनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर पहिली हवाई टपाल आणली आणि नेव्हिल व्हिन्सेंट याने ती पुढे बेल्लारीवरून मद्रासेस नेली. सारी सामग्री म्हणजे दोन पुस मॉथ विमाने, मूठभर वैमानिक आणि तीन मेकॅनिक. जुहूचे मैदान समुद्राच्या काठचे, पावसाळ्यात ते चिखलात बुडे, तेव्हा सगळा संसार पुण्यास हलवावा लागे. तरीही १९३३ या वर्षी या विमानांनी १,६०,००० मैल प्रवास केला, आणि वेळापत्रक असे पाळले की सरकारी खात्याने त्याची वाखाणणी केली. या मैलांपैकी प्रत्येक मैल त्या तीन मेकॅनिकांच्या हाताखालून गेलेला होता. त्यांच्यापाशी कंप मोजण्याचे यंत्र नव्हते. एंजिनाच्या आच्छादनावर तळहात ठेवावा, पायाखालच्या फळीची थरथर पाहावी, एक मॅग्नेटो बंद करून फेरे किती उतरतात ते पाहावे, मग दुसरा बंद करून पाहावा. वैमानिक उतरला की ‘आज डावीकडून काही तरी वेगळे वाटले’ असे सांगे, आणि सांगणारा व ऐकणारा एकाच खांबाला टेकून चहा पिणारे असत.

त्याच दशकात, १५ मे १९३५ रोजी ऑस्ट्रेलियात जे घडले, ते या विषयातील सर्वांत बोलका प्रसंग म्हणून मी मानतो. चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ हा त्या काळचा जगप्रसिद्ध वैमानिक. त्याचे ‘सदर्न क्रॉस’ हे तीन एंजिनांचे जुने विमान टपाल घेऊन न्यू झीलंडकडे निघाले. बरोबर पी. जी. टेलर हा सहवैमानिक व जॉन स्टॅनेज हा बिनतारी यंत्रवाला. मधल्या एंजिनाच्या धुराच्या नळीस वेल्डिंग करून तुकडा जोडलेला होता. समुद्रावर शेकडो मैल गेल्यावर तो जोड सुटला, लोखंडाचा तुकडा उडून उजव्या पंख्यावर आदळला आणि पाते फुटले. क्षणात साऱ्या विमानास असा भयंकर हादरा सुटला की एंजिन ताबडतोब थांबविले नसते तर ते बैठकीतून उखडून निघाले असते. ते थांबविले. आता दोन एंजिनांवर भार आला, आणि थोड्या वेळाने डाव्या एंजिनातील तेल संपत चालल्याचे काट्याने दाखविले. तेल नाही म्हणजे एंजिन जळणार, आणि खाली तर समुद्र.

तेव्हा टेलर बूट काढून विमानाच्या बाहेर निघाला. ताशी शंभर मैलांच्या वाऱ्यात, पंख व एंजिन यांमधील दांडीवर पाय ठेवीत तो बंद पडलेल्या उजव्या एंजिनापाशी गेला, त्याच्यातील तेल थर्मास बाटलीत काढून घेतले, ते आत आणले आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडून डाव्या एंजिनात ओतले. हे त्याने एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा केले. वजन कमी करण्यासाठी सामान आणि शेवटी टपालाच्या थैल्याही समुद्रात टाकाव्या लागल्या. विमान सिडनीस परत पोहोचले. टेलरला पुढे शौर्यपदक मिळाले आणि ते योग्यच झाले. परंतु हे सारे शौर्य एका वेल्डिंगच्या जोडातून निघाले, हे आपण विसरतो. धुराची नळी तापते, निवते आणि प्रत्येक स्फोटागणिक थरथरते. तेथे घातलेला जोड दिसण्यात पक्का असला तरी त्याच्या कडेची धातू आचेने बदललेली असते, आणि कंप बरोबर तीच कड शोधून काढतो. याच किंग्सफर्ड स्मिथने त्याच वर्षी नोव्हेंबरात अलाहाबादेहून सिंगापूरकडे दुसऱ्या विमानाने झेप घेतली, आणि तो पुन्हा कोणास दिसला नाही.

महायुद्ध आले आणि विमाने मोठी झाली. तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथे १९४५ साली डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली, बेगमपेठ हे तिचे ठाणे, आणि डाकोटा ही तिची विमाने. डाकोटाच्या एका एंजिनात १४ सिलिंडर आणि २८ प्लग, म्हणजे एका विमानावर ५६ प्लग. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्रीच्या टपालाची विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परतत. आता एका खांबाला टेकून चहा पिण्याचे दिवस सरले. आणणारा वैमानिक वेगळा, नेणारा वेगळा, रात्रपाळीचा मेकॅनिक वेगळा. मधला दुवा उरला तो नोंदवहीचा. ‘उजवे एंजिन चढाईत थरथरते’ असे एकाने लिहावे, दुसऱ्याने त्याखाली ‘तपासले, दोष आढळला नाही’ असे लिहून सही करावी. हे वाक्य खोटे असतेच असे नाही. जमिनीवर एंजिन शांत चालते, थरथर दहा हजार फुटांवर येते. पण तळहाताने तळहातास सांगितलेली गोष्ट आणि कागदाने कागदास सांगितलेली गोष्ट यांत फरक पडतो, एवढे खरे.

या अंतराची भारी किंमत अमेरिकेत १९५९ व १९६० साली मोजावी लागली. लॉकहीड कंपनीचे इलेक्ट्रा हे चार एंजिनांचे नवे विमान २९ सप्टेंबर १९५९ रोजी टेक्सासमध्ये हवेतच मोडले व ३४ माणसे गेली. पुढे १७ मार्च १९६० रोजी इंडियाना राज्यात तसेच दुसरे मोडले आणि ६३ गेली. दोन्ही वेळा पंख मुळाशी तुटलेला. कंपनीने आणि सरकारी प्रयोगशाळांनी मिळून शोध केला तेव्हा आढळले की एंजिनाच्या बैठकीचा ताठपणा कमी झाला तर फिरणारा पंखा भोवऱ्यासारखा डोलू लागतो, आणि त्या डोलण्याचा ताल विमानाच्या पंखाच्या स्वाभाविक हेलकाव्याशी जुळला की संहार होतो. झोपाळ्यास योग्य क्षणी दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो, तसेच हे. बैठक शाबूत असेल तर डोल आपोआप विरतो, आणि ती जोराच्या उतरण्याने किंवा इतर कारणाने दुखावलेली असेल तर तो वाढतच जातो. सर्व इलेक्ट्रा विमानांच्या बैठकी त्यानंतर मजबूत करण्यात आल्या. एंजिनाची बैठक म्हणजे नुसता आधार, ही समजूत तेथे कायमची संपली.

परंतु कंप हा साक्षीदार खरा असला तरी प्रत्येक अपराधास तो वेळेवर हजर असतोच असे नाही. १२ ऑक्टोबर १९७६ च्या रात्री मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान मद्रासेस निघाले. उड्डाण होताच उजव्या एंजिनातील दाबयंत्राची एक तबकडी फुटली, तिच्या तुकड्यांनी एंजिन भेदले, आग लागली, आणि परत फिरलेले विमान धावपट्टीपाशी कोसळून आतील सर्व ९५ माणसे मृत्युमुखी पडली. त्या तबकडीत धातू शिणून चीर पडलेली होती. अशी चीर केसाएवढी असते तोवर तोल बिघडत नाही आणि म्हणून थरकापही होत नाही. तो होतो तेव्हा तुकडाच बाहेर पडत असतो. या प्रकारच्या चिरेस तळहात किंवा काटा पुरत नाही. तबकडी ठरावीक फेऱ्यांनंतर काढून, रंगद्रव्य लावून किंवा विजेच्या प्रवाहाने तपासावी लागते, आणि तिचे आयुष्य संपले की ती चांगली दिसत असली तरी बाद करावी लागते. बाहेरून चकचकीत दिसणारी महागडी वस्तू भंगारात टाकण्यास कारकुनी मन धजत नाही. पण येथे तीच खरी काटकसर आहे.

उलट बाजूने, साक्षीदार हजर असून त्याची साक्ष न ऐकल्याचे उदाहरण इंग्लंडचे आहे. ८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७ विमानाच्या डाव्या एंजिनातील पुढच्या पंख्याचे एक पाते मोडले. विमान हादरू लागले व धूर आत आला. वैमानिकांच्या समोर कंप दाखविणारा काटा होता आणि तो डाव्या एंजिनाकडे बोट दाखवीत होता. परंतु तो काटा आकाराने लहान, आणि त्याआधीच्या विमानांतील असे काटे इतके बेभरवशाचे ठरलेले की वैमानिकांस तिकडे न पाहण्याचीच सवय लागलेली. त्यांनी उजवे, म्हणजे धडधाकट एंजिन बंद केले. योगायोग असा की त्याच वेळी डाव्या एंजिनाचाही जोर कमी झाल्याने हादरा निवळला आणि आपण बरोबर केले असे त्यांस वाटले. कप्तानाने प्रवाशांस उजवे एंजिन बंद केल्याचे सांगितले. मागे बसलेल्या कित्येकांनी ठिणग्या डाव्या बाजूस पाहिल्या होत्या, पण पुढे जाऊन सांगावे असे कोणास वाटले नाही. केगवर्थ गावाजवळ विमान पडले आणि १२६ पैकी ४७ माणसे गेली. येथे दुरुस्ती करणाऱ्या हाताची चूक नव्हती. पाते नव्या एंजिनाच्या उंचीवरील कंपानेच शिणले होते, आणि त्या एंजिनाची त्या उंचीवर उडवून चाचणी झालेली नव्हती. चूक विश्वासाची होती. वर्षानुवर्षे चुकीचे सांगणारा काटा तसाच राहू दिला, की तो खरे सांगतो त्या दिवशी त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

आता हे काटे संगणकाशी जोडलेले असतात आणि एंजिनाचा कंप प्रत्येक उड्डाणात आपोआप नोंदला जातो. त्याचा उपयोग आपल्या देशात नुकताच दिसला. २०१६ पासून आलेल्या नव्या एअरबस विमानांच्या प्रॅट अँड व्हिटनी एंजिनांत, मागील टर्बाइनच्या तिसऱ्या ओळीची पाती मोडून जोराचा कंप होण्याचे प्रसंग वारंवार घडू लागले. पाती हलकी पण ठिसूळ मिश्रधातूची होती. १ नोव्हेंबर २०१९ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इंडिगो कंपनीस तिच्या ९७ विमानांची एंजिने सुधारित पात्यांची करण्याचा आदेश दिला. मुदत प्रथम ३१ जानेवारी २०२० होती, ती पुढे वाढवावी लागली. विमाने थांबवून ठेवणे कोणत्याही कंपनीस परवडत नाही, तरी ती थांबविली गेली आणि एंजिने बदलली गेली, हे मी मोठे समजतो. मुंबईच्या गो फर्स्ट कंपनीपाशीही त्याच घराण्याची एंजिने होती. मे २०२३ मध्ये तिची उड्डाणे बंद पडली. तिने दोष एंजिने न पुरविणाऱ्यावर ठेवला आणि पुरविणाऱ्याने तो नाकारला.

एवढे संगणक आले तरी शेवटचे काम हाताचेच राहिले आहे. पुढच्या पंख्याचे एखादे पाते पक्षी आदळून बाद झाले तर बदलताना त्याच्या बरोबर समोरचे पातेही पाहावे लागते. प्रत्येक पात्यावर त्याच्या तोलाचा आकडा कोरलेला असतो आणि समोरासमोर जुळत्या आकड्यांची जोडी बसवावी लागते. मग रात्री मैदानाच्या दूरच्या टोकास विमान नेऊन एंजिन चालवितात आणि कंपाचा आकडा पाहतात. तो जास्त असेल तर संगणक गणित करून सांगतो की कोणत्या जागी किती वजन हवे. कित्येक एंजिनांच्या नाकावर जो शंकू असतो त्याच्या कडेने भोकांची रांग असते, आणि तीत बसविण्यासाठी निरनिराळ्या वजनांचे स्क्रू पेटीत असतात. मेकॅनिक सांगितलेल्या भोकात सांगितलेला स्क्रू घालतो, एंजिन पुन्हा चालवितात, आकडा पुन्हा पाहतात, आणि तो मर्यादेत आला की वहीत तारीख, वेळ, भोकाचा क्रमांक व स्क्रूचे वजन लिहून त्याखाली सनदेच्या क्रमांकासह सही होते. हा स्क्रू पुष्कळदा एका तोळ्याहूनही हलका असतो.